आधी गाव विचार

...आणि वरून मला म्हणतेत, "डॉक्टर, तुमचं बरंय बघा, खेड्यातला दवाखाना, निवांत काम." निवांत? अहो, तुमाला सांगतो, ज्या दवाखान्यात मी तीन वर्षं शिकलो तिथं निवांत अशी एकच चीज होती, ती म्हंजे नळ. दुष्काळाचं साल, कितीतरी महिने त्याला थेंब न्हाई. टँकर आला तर पाणी, न्हाई आला तर त्याची वाट... हात धुवायला माणशी दोन मग, एक साबणाच्या आधी, एक साबणाच्या नंतर, आन् ते धुतलेलं पाणी खाली बादलीत धरायचं आन् दारातल्या कडुलिंबाला घालायचं, कारण त्या लिंबाखालीच आमची ओपीडी बसायची. लिंब वाळला असता तर अर्धा दवाखाना बंद पडला असता की हो. आन् म्हणे निवांत.

त्यात दवाखाना सहकारी. शिरूर कासारच्या अलीकडं, रस्त्याच्या कडंला, दूध सोसायटीची जुनी इमारत. दूध आटलं तशी सोसायटीच्या लोकांनी तिथं दवाखाना काढला. सहकारी म्हंजे काय, तर डॉक्टर तीन आन् संचालक तेरा. बीपीचं नवं मशीन घ्यायचं तर त्याला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, ठराव पाहिजे, चहा पाहिजे. मशीन आलं त्या दिवशी चेअरमन भगवानरावांनी नारळ फोडला आन् उद्घाटन म्हणून स्वतःचाच दंड पुढं केला. एकशेसत्तर निघाला. भगवानराव म्हणले, "मशीन बिघडलेलं हाय, माघारी धाडा." त्याचाही ठराव झाला बघा. एकमतानं.

आता मी तिथं शिकत काय होतो हे पयलं सांगतो, कारण ते अजून आमच्या आईलाही नीट कळलेलं न्हाई. एमबीबीएस झालं, त्याच्यापुढं तीन वर्षं, फॅमिली मेडिसिन. आईनं विचारलं, "म्हंजे कशाचा डॉक्टर होणार? हाडाचा?" म्हणलं, न्हाई. "हृदयाचा?" न्हाई. "डोळ्याचा, कानाचा, कशाचा तरी असशील ना?" म्हणलं, आई, मी सबंध घराचा डॉक्टर होणार, तान्ह्या लेकरापासून म्हातारीपर्यंत. आई म्हणली, "का रे, घराला काय झालंय?" आन् आमचे वडील विठ्ठलराव, माजलगावचे बागाईतदार, ते तर कोणी विचारलं की मान खाली घालून सांगायचे, "पोरगा अजून शिकायलाय." मी जसा काय तिसऱ्यांदा दहावीला बसलोय.

पण माझे सर. डॉक्टर गहिनीनाथ सर. तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला माणूस, आन् खुर्चीही तीच. सरांची सगळी विद्या दोन वाक्यांत. "नाडी नंतर. आधी गाव विचार." पयल्याच दिवशी एक माणूस पोट धरून आला, जुलाब. मी त्याला शिकवल्यापरमाणं सतरा प्रश्न विचारले, तीन तपासण्या लिहिल्या, कागद पुढं सरकवला. सरांनी तपासण्यांकडं बघितलंच न्हाई. विचारलं, "गाव कोणतं?" त्यानं सांगितलं. "टँकर बंद पडून किती दिवस झाले?" तो म्हणला, "नऊ." "मग विहिरीच्या तळाचं पितायलेत." "हां." झालं, निदान झालं. सरांनी पाणी कसं उकळून प्यायचं ते सांगितलं, औषध दिलं, आन् माझ्या तीन तपासण्यांच्या कागदाची पुडी करून त्यात गोळ्या बांधून दिल्या.

मी म्हणलं, ह्याच्यात काय अवघड हाय? तवापासून जो येईल त्याला विचारायलो. गाव? लिहिलं. गाव? लिहिलं. ताप, गाव. गरोदर, गाव. विंचू चावलेला माणूस बोंबलायलाय आन् मी म्हणायलो, गाव कोणतं? मला वाटलं, गाव विचारायचं म्हंजे गावाचं नाव लिहायचं. इथं माझं चुकलं बघा. पण ते कळायला मला अख्खा हिवाळा लागला.

झालं काय की आमच्या शिक्षणात एक भानगड होती, कुटुंबाची फाईल. एक घर निवडायचं, आठ महिने दर महिन्याला त्या घरी जायचं, सगळ्यांचं वजन घ्यायचं, बीपी घ्यायचा, कोण काय खातंय, कोण कुणावर रुसलंय, सगळं लिहायचं. शेवटी बाहेरून परीक्षक येणार, त्या घरात बसून तपासणार. फाईल अर्धी निघाली तर शिक्षण सहा महिन्यांनी पुढं. आन् सहा महिने म्हंजे विठ्ठलरावांनी पुन्हा सहा महिने मान खाली घालायची. तुमीच सांगा, मी जीव तोडून कावून न्हाई करणार?

श्रावणात केसरबाई आली. अडतीस वर्षांची, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, बरोबर नवरा आसाराम. बीपी एकशेऐंशी-एकशेदहा. मला तर मनातून आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. घर सापडलं. नवरा, बायको, सासू तुळजाबाई, दोन पोरी, बीपी, सगळं एका छपराखाली. म्हणलं, गाव? तिनं वाडीचं नाव सांगितलं. लिहिलं. मग गोळ्या दिल्या, म्हणलं, रोज एक, सकाळी आठला. ती म्हणली, "किती दिस?" म्हणलं, कायमची. तर ती हसली आन् म्हणली, "कायमचं तर आमचं गाव बी न्हाई, डॉक्टर."

आता एवढं सांगितल्यावर माणसाचे कान उभे राहावेत का न्हाई? माझे न्हाई राहिले. मी म्हणलं, आठ म्हंजे आठ. ती म्हणली, "घड्याळ कुणाकडं हाय? आमी तांबडं फुटायच्या आदी उठतो. चूल पेटली की गोळी. ध्यानात ऱ्हाईल." मी फाईलमध्ये लिहिलं, चूल पेटली की गोळी. त्याला इंग्रजीत काय म्हणावं ते सुचलं न्हाई, तसंच ठेवलं.

श्रावण, भादवा, अश्विन, तीन फेऱ्या झाल्या. बीपी खाली, केसरबाईच्या डोक्याचं फडकं सुटलं, पोरींनी मला काका म्हणायला सुरुवात केली, तुळजाबाईनं मला विचारलं, "तू कुठला रं बाबा?" म्हणलं, माजलगावचा. ती म्हणली, "पाण्यातला." आमच्याकडं धरण ना, म्हणून. सगळं कसं झकास चाललतं. फाईल बघून सर म्हणले, "गाव विचारलंस का?" म्हणलं, विचारलं की सर, पयल्याच पानावर हाय. सर काही बोलले न्हाईत. सर काही बोलले न्हाईत की माणसानं घाबरावं, हे मला पुढं कळलं.

दिवाळी झाली. मी चौथ्या फेरीला निघालो, मोटारसायकलला मागं वजनकाटा बांधलेला. वाडीत शिरलो तर... तुमाला सांगतो, कुत्रं भुंकायला न्हाई. घराघराला कुलूप, दाराला काट्याची फांदी लावलेली, आन् ओट्या-ओट्यावर एकेक म्हातारं माणूस. मी म्हणलं, साथ-बिथ आली का काय? तुळजाबाई ओट्यावर बसलेली. म्हणलं, आजी, माणसं कुठंयत? "गेली." कुठं? "उसाला." कवा येणार? "पाडव्याला."

गुढीपाडव्याला! आन् माझ्या फाईलमध्ये आठातले तीन महिने भरलेले. मी विचारलं, कारखाना कोणता? म्हातारी म्हणली, "मला काय म्हाईत?" मुकादम कोण? "म्हाळू." त्याचा नंबर? "मला वाचता येतं का रं?" मी तिथल्या तिथं आसारामला फोन लावला, तर बाई म्हणती, हा क्रमांक सध्या सेवेत नाही. काय करणार? वजनकाटा आणलताच, म्हातारीचं वजन घेतलं आन् माघारी आलो.

आन् आता मी तुमाला जे सांगणार हाय ते माझं मला सांगायला लाज वाटती. मी माजलगावचा. आमच्या मळ्यात ऊस. दरसाल दिवाळी झाली की आमच्या बांधाला पाचटाच्या कोप्या, म्हंजे उसाच्या पाल्याच्या झोपड्या, पडायच्या, बैलगाड्या यायच्या, नवरा-बायको मिळून एक कोयता, असे दहा-बारा कोयते, की झाली एक टोळी. त्यांच्या पोरांबरोबर मी गोट्या खेळलेलो हाय. पण लहानपणापासून मला वाटायचं, टोळी म्हंजे थंडी. दिवाळीनंतर येते, पाडव्याला जाते. आता थंडी कुठून आली हे कोणी विचारतंय का? ह्या माणसांना मागं एक गाव असतंय, त्या गावात कुलपं लागतेत आन् ओट्यावर एक म्हातारी राहती, हे मला डॉक्टर झाल्यावर, हातात वजनकाटा घेऊन, त्या ओट्यासमोर उभं राहिल्यावर कळलं.

मग मी डोकं चालवलं. डोकं चालवलं की माझं असंच होतं. म्हणलं, औंदा दुष्काळ. आमचं धरण तळाला गेलेलं, माजलगावला ऊस कुठाय? म्हंजे टोळी गेली असणार कोल्हापूरकडं. सरांकडं तीन दिवसांची रजा मागितली. सर म्हणले, "कोल्हापूरला कुठल्या गावी?" म्हणलं, जाऊन बघतो की. सरांनी रजेवर सही केली.

एसटीत वजनकाटा मांडीवर. कंडक्टर म्हणला, "भाजीचा धंदा का?" म्हणलं, डॉक्टर हाय. त्याचा काय विश्वास बसला न्हाई. उतरलो, एका कारखान्याच्या आवारात गेलो, तर ही ट्रॅक्टरची, बैलगाड्यांची रांग, नजर पुरायची न्हाई. मी एका गाडीवर चढलो आन् ओरडलो, "बीडचं कोणी हाय का?" तर काय सांगू, सगळं आवार वळून बघायला लागलं. म्हणलं, शिरूर कासारचं? चाळीस हात वर. म्हाळू मुकादमाच्या टोळीतलं? एकही न्हाई. मी खाली उतरलो तर एक म्हातारा दंड उघडा करून उभा. म्हणला, "आपल्याकडचा डॉक्टर इतक्या लांब आलाय तर बघा की आमचं बी." पिशवीतून मशीन काढलं, त्याचा बीपी बघितला, त्याच्या मागच्याचा बघितला, त्याच्या मागं बाया उभ्या राहिल्या. एकेचाळीस माणसं, दिवस मावळेपर्यंत. सोळा जणांचा वाढलेला. चिठ्ठ्या लिहिल्या, चूल पेटली की गोळी म्हणून सांगितलं, कोणीतरी भाकरी-ठेचा दिला, वर उसाचं कांडं. तुमाला सांगतो, इतकं बरं मला डॉक्टर झाल्याचं कवाच वाटलं नव्हतं. फक्त केसरबाई सापडली न्हाई.

मधी आईचे फोन. "अरे उत्तरेश्वर, आपल्या मळ्यात टोळी आलीय बघ..." म्हणलं, आई, मी कामात हाय. आठ दिवसांनी पुन्हा, "अरे, त्यातली एक बाई लई गुणाची..." म्हणलं, आई, माझी माणसं हरवलीत, मी त्या घोरात हाय, नंतर बोलतो. तिसऱ्यांदा आला तवा तर मी म्हाळूचा नंबर शोधायलो होतो, आईचा फोन कट केला. आन् महिन्याच्या महिन्याला तुळजाबाईकडं जायचो. आजी, फोन आला का? नंबर मिळाला का? ती म्हणायची, "माणसं बरी भेटलीत त्यायला औंदा." मी म्हणायचो, ते ठीकय आजी, पण नंबर? वजन घ्यायचो, माघारी यायचो. म्हातारीचं वजन वाढलं तेवढं. माझं उतरलं.

जानेवारी सरली. फाईलमध्ये तीन पानं कोरी. मी सरांपुढं फाईल ठेवली, म्हणलं, सर, माझे सहा महिने गेले. सरांनी चष्मा काढला, पुसला. मला विचारलं, "तुझं गाव कोणतं?" म्हणलं, सर, माजलगाव, तुमाला म्हाईतच हाय. "तुमच्या मळ्यात ऊस तोडायला कोणी येतंय का?" येतेत की, दरसाल. "कुठून?"

आता काय बोलता? तीन वर्षं मी हजारो माणसांना गाव विचारलेलं, विंचू चावलेल्याला पण सोडलेलं न्हाई, आन् माझ्या बापाच्या बांधाला पंचवीस वर्षं राहून गेलेल्या माणसांचं गाव मला सांगता येईना. सर एवढंच म्हणले, "जा. घरी जाऊन विचार."

रात्रभर झोप न्हाई, पहाटंच गाडी काढली. घरी पोचलो, आई नुकतीच उठलेली. मी दारात बूट काढायलोय, आईनं गॅस पेटवला, फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली, आन् आपल्याशीच म्हणली, "चूल पेटली की गोळी."

माझा एक बूट पायात, एक हातात. म्हणलं, आई, हे कोणी शिकवलं तुला? ती म्हणली, "केसरनं. तेच तर सांगायलेय दोन महिन्यांपासून, तू ऐकतोस कुठं?"

विहिरीवरचा ऊस हो! धरण आटलं तरी विहिरीवर, शेततळ्यावर तुकड्या-तुकड्यानं ऊस उभा होता, आमच्या शिवारात, शेजारच्या चार गावांत, आन् म्हाळूची टोळी दिवाळीपासून आमच्याच बांधाला. केसरबाई पयल्याच आठवड्यात घरी ताक न्यायला आलती, भिंतीवर माझा फोटो बघितला, म्हणली, "हे तर आमचे डॉक्टर." मग आईला डोकं धरून बसलेलं बघितलं. मग डब्यामागची पट्टी बघितली. आईला दोन वर्षांपूर्वी माजलगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिलत्या, आईनं दहा दिवस घेतल्या, बरं वाटलं, बंद. घरात कुणालाच सांगितलं न्हाई. मला पण न्हाई. मला... सबंध घराच्या डॉक्टरला. केसरबाईनं तिला बाजाराच्या दिवशी हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं, दोघींनी दंड पुढं केले, दोघींच्या गोळ्या चालू. दर महिन्याला, दोघी, बरोबर. मी आईचा दंड हातात घेतला, तीन वर्षांत पयल्यांदा, आन् बीपी बघितला. एकशेतीस-ऐंशी. मग मी दुसरा बूट काढला.

मळ्यात गेलो. केसरबाई मोळी बांधायली होती. मला बघून म्हणली, "आलात व्हय? लई उशीर केलात." कोपीत गेली, पाचटात खोचलेलं एक फडकं काढलं. त्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, एक न् एक जपून ठेवलेल्या, आन् सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठ्या, तारखेसकट. म्हणली, "तुमच्या वहीला लागतेल म्हणून ठेवल्या. कोऱ्या ऱ्हायल्या असतील पानं."

पाडव्यानंतर परीक्षक आल्या. पुण्याकडच्या मॅडम, कडक. वाडीत, आसारामच्या ओट्यावर बसल्या, गहिनीनाथ सर बाजूला. मॅडमनी पानं चाळली. "नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, ह्या नोंदी तुमच्या हातच्या न्हाईत." म्हणलं, न्हाईत, मॅडम. "मग ह्या तीन महिन्यांत ह्या कुटुंबाकडं लक्ष कोणी दिलं?" आता खोटं बोलावं तर सर बघायलेत, खरं बोलावं तर सहा महिने जातेत. म्हणलं, जाऊ द्या, गेले तर गेले. म्हणलं, माझ्या आईनं. आन् माझ्या आईकडं लक्ष केसरबाईनं दिलं. मी कोल्हापूरला होतो.

मॅडमनी तुळजाबाईला विचारलं, "आजी, तुम्हाला माहीत होतं का, त्या महिन्यांत तुमचा मुलगा कुठं होता ते?" म्हातारी म्हणली, "म्हंजे काय? माजलगावला, ह्याच्याच गावाला." मी उडालोच. म्हणलं, आजी, मी दर महिन्याला यायचो, कावून न्हाई सांगितलं? ती शांतपणं म्हणली, "तू नंबर इचारायचास. गाव कुठं इचारलंस?"

गहिनीनाथ सर तीस वर्षांत पयल्यांदा मोठ्यानं हसले.

मॅडम मात्र हसल्या न्हाईत. त्यांनी पेन उघडलं, मला शेवटचा प्रश्न विचारला, "तुमच्या आईचा ह्या आठवड्यातला बीपी किती?" मी फाईलकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. तर मागून केसरबाई म्हणली, "एकशेअठ्ठावीस-ऐंशी. बाजारच्या दिशी बघितला त्येनी, मी फोन करून इचारलं." मॅडमनी तेही लिहून घेतलं. खाली शेरा मारला, कुटुंबानं डॉक्टरचा पाठपुरावा उत्तम केला आहे. आन् पास. विठ्ठलरावांची मान वर झाली, ती अजून खाली आलेली न्हाई, बोलताना हनुवटीच दिसती.

आता मी तिथंच हाय, त्याच लिंबाखाली. पाऊस पडला, नळ कधीमधी खोकतो. आता मात्र गाव नीट विचारतो. गाव कोणतं, दिवाळीनंतर कुठं असता, तिथं बाजार कवा, गोळी मिळती का, मागं ओट्यावर कोण राहतंय... इतकी सवय लागली, इतकी सवय लागली की काय सांगू तुमाला. परवा ओपीडी तुडुंब, लेकरं रडायलीत, एका हातात कोणाचा तरी दंड, आन् फोन वाजला. बघितलं न्हाई कुणाचा हाय, कानाला लावला. तिकडून बारीक आवाज, "डोकं दुखायलं रे..." म्हणलं, गाव कोणतं?

तिकडून आई म्हणली, "ऱ्हाऊ दे बाळा, तुझं चालू दे. केसरला लावते."